दोष रक्ताचा की वस्तीचा?

एखाद्या मुलाने चोरी केली की, "वळणच तसले!" असे आपण सहज बोलून जातो. हे वळण घराण्याचे की परिस्थितीचे, याचा शोध अमेरिकेतील शिकागो शहरात मोठ्या चिकाटीने घेतला गेला.

१८९९ साली तेथे जगातील पहिले मानले जाणारे बालन्यायालय सुरू झाले. त्याच्या दप्तरात नोंदलेले मुलांचे पत्ते क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या संशोधकांनी नकाशावर ठिपक्यांनी मांडले. कारखान्यांलगतच्या गरीब वस्त्यांत ठिपक्यांची दाटी होती. शहराच्या कडेला ते विरळ होते. खरे नवल पुढेच आहे. त्या वस्त्यांत आधी जर्मन व आयरिश, मागाहून पोलिश व इटालियन कुटुंबे राहिली. माणसे बदलली, तरी गुन्ह्यांचे प्रमाण चढेच राहिले. आणि जे समाज तेथून बऱ्या भागात गेले, त्यांच्या मुलांतील प्रमाण उतरले. १९४२ साली त्यांनी हे निष्कर्ष ग्रंथरूपाने मांडले. दारिद्र्य, सततचे स्थलांतर आणि दुबळा झालेला शेजार, ही खरी मुळे होत.

आपल्याकडे याच्या नेमके उलट घडले होते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संबंध जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला. मुलांना आईबापांपासून तोडण्याची तरतूदही पुढे त्यात आली. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड वसाहत उभी राहिली. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. संशय मात्र लोकांच्या मनातून गेला नाही.

मग उपाय कोणता? शॉ यांनी १९३०च्या दशकात पोलादाच्या कारखान्यांजवळील रसेल स्क्वेअर या पोलिश वस्तीत कार्य आरंभिले. बाहेरून उपदेशक न आणता तेथल्याच रहिवाशांच्या हाती त्यांनी सूत्रे दिली. मुलांसाठी खेळ व शिबिरे, शाळा आणि पोलीस यांच्याशी बोलणी, सुधारगृहातून परतलेल्यांना आधार, असे कामाचे स्वरूप होते. या प्रयोगाचे यश आकड्यांत चोख मांडता येत नाही, हे अभ्यासकांनीही मान्य केले आहे. तथापि त्यातील विचार मोलाचा आहे.

बालगृहे आणि न्यायालये हवीतच. पण ती मूल घसरल्यानंतरची. घसरण्याआधी त्याच्याजवळ असतो तो शेजार. गल्लीतल्या मुलाचे नाव आपल्याला ठाऊक आहे काय, तो शाळेत का येईनासा झाला हे कोणी विचारले काय? प्रतिबंधाचा आरंभ या प्रश्नापासून होतो.