अश्वशर्यत आणि स्वाराचे आसन

तेरेखोलकाठचा बांदा आदिलशाहीत असता शेजारच्या गोव्यातून अरबी घोड्यांचा मोठा व्यापार चाले. परंतु वेग केवळ घोड्याच्या जातिवंतपणावर अवलंबून नसतो, हे शर्यतींच्या इतिहासाने पुढे दाखविले. १८८३ मध्ये मुंबईस महालक्ष्मीचे मैदान झाले, त्या काळी इंग्लिश पद्धतीचे जॉकी लांब रिकिबींत ताठ बसत. १८९७ मध्ये टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने आखूड रिकिबी व पुढे वाकलेले आसन इंग्लंडात नेले. १९०० च्या सुमारास शर्यतींच्या वेळा ५ ते ७ टक्क्यांनी सुधारल्या. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातील संशोधकांनी २००९ मध्ये त्याची मीमांसा केली. घोडा जॉकीचे वजन पेलतोच. मात्र प्रत्येक झेपेस ते शरीर पुढेमागे हलविण्याचे श्रम त्यास पडत नाहीत. ते जॉकीचे पाय सोसतात. म्हणून घोड्याच्या वंशावळीबरोबर स्वाराच्या आसनाचाही इतिहास लिहिला गेला पाहिजे.