तांबी, स्थानभ्रष्ट : शस्त्रक्रियेचा इतिहास

गर्भाशयात बसविलेले संततिप्रतिबंधक साधन गर्भाशयाची भित्ती भेदून उदरगुहेत गेल्यास त्यास स्थानभ्रष्ट साधन म्हणतात. हा उपद्रव क्वचित, म्हणजे साधन बसविण्याच्या दर हजार वेळांत सु. एकदा, आढळतो, प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत व स्तनपानाच्या काळात त्याचा संभव वाढतो.

एर्न्स्ट ग्रेफेनबेर्ख या जर्मन वैद्याने 1920 नंतरच्या दशकात वलयाकार साधन प्रचारात आणले. अमेरिकेतील जॅक लिपीझ यांचे पॉलिएथिलिनाचे वेटोळे (लूप) 1962 मध्ये पुढे आले व 1965 पासून भारताच्या कुटुंबनियोजन कार्यक्रमात वापरले गेले. त्यात बेरियम सल्फेट मिसळलेले असल्याने ते क्ष-किरण चित्रात दिसे. पुढे हॉवर्ड टेटम व चिलीतील हायमे सिपेर यांच्या संशोधनातून तांब्याची तार गुंडाळलेले टी-आकाराचे साधन निर्माण झाले. महाराष्ट्रात ते ‘तांबी’ या नावाने परिचित आहे.

उदरगुहेत गेलेले प्लॅस्टिकचे उघडे साधन त्रास नसल्यास तसेच ठेवावे, असे काही तज्ञांचे मत होते. बंद वलयात मात्र आतडे अडकण्याचा धोका असल्याने ते काढणे अगत्याचे ठरे. तांब्यामुळे पर्युदराचा दाह होऊन वपा व आतडी साधनास चिकटतात, हे ध्यानात आल्यावर तांबी शीघ्र काढावी, हे मत रूढ झाले. त्याकरिता पूर्वी उदरच्छेदन करावे लागे. निरोगी स्त्रीस एवढी मोठी शस्त्रक्रिया सोसावी लागणे, ही या साधनाची गंभीर उणीव होती.

उदरदर्शनाची पद्धती स्वीडनमधील याकोबेउस यांनी 1910 मध्ये मानवावर वापरली होती. राउल पामर (पॅरिस) व कुर्ट झेम (कील) यांनी ती स्त्रीरोगचिकित्सेत रुजविली; हॉपकिन्स यांच्या दंडभिंग योजनेमुळे दृश्य स्पष्ट झाले. या पद्धतीत कार्बन डाय-ऑक्साइड वायूने उदर फुगवून लहान छिद्रांतून दर्शक व चिमटा आत घालतात आणि चिकटलेले ऊतक सोडवून साधन बाहेर काढतात. साधन आतड्यात वा मूत्राशयात रुतले असल्यास अद्यापही उदरच्छेदनाची गरज पडू शकते.

दोरा न सापडणे म्हणजे स्थानभ्रंश नव्हे. साधन गळून पडलेले असते किंवा दोरा वर ओढला गेलेला असतो. म्हणून गर्भधारणा नसल्याची खात्री करून श्राव्यातीत तरंगांनी गर्भाशय तपासतात व तेथे साधन न आढळल्यास संपूर्ण उदराचे क्ष-किरण चित्र घेतात. या तपासणीवाचून ते गळून पडले असे गृहीत धरल्यास स्त्रीच्या उदरात ते वर्षानुवर्षे राहू शकते.