माउंट वॉशिंग्टनची सराई आणि लोखंडी 'मैलाचा दगड'

रस्त्याकडेच्या पाटीवर आपण सहसा डोळे झाकून विश्वास ठेवतो. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात 'माउंट वॉशिंग्टन टॅव्हर्न' नावाची एक जुनी विटांची सराई आहे. नाव ऐकताच आपल्याला वाटतं, जॉर्ज वॉशिंग्टन इथे मुक्कामाला असणार. पण ते वारले १७९९ मध्ये आणि ही इमारत उभी राहिली १८३०च्या सुमारास! जमीन एके काळी त्यांची होती आणि जवळच्याच कुरणात, फोर्ट नेसेसिटीला, ३ जुलै १७५४ला त्यांना शरणागती पत्करावी लागली होती, एवढाच काय तो संबंध.

सराई जन्माला घातली ती रस्त्याने. सरकारी खर्चाने बांधलेला 'नॅशनल रोड' १८११ मध्ये कंबरलँडहून सुरू झाला, १८१८ मध्ये व्हीलिंगला पोचला. त्यावर स्टेजकोच धावू लागल्या. टप्प्याटप्प्यावर दमलेले घोडे सोडायचे, ताजे जुंपायचे. आपल्याकडे जिला घोड्यांची डाक म्हणत, तसलाच प्रकार. 'गुड इंटेंट' कंपनीच्या गाड्या या सराईपाशी थांबत. खाली पुरुषांसाठी दारूची खोली, बायकांची बैठक निराळी. वर झोपायला गेलं की अनोळखी माणसाशेजारी एकाच पलंगावर पडायचं. मालवाहू गाडीवान मात्र इथे उतरत नसत. त्यांची उतरायची ठिकाणं वेगळी, स्वस्तातली. तिथे शेकोटीभोवती जमिनीवर पथारी पसरायची. 'सराई सगळ्यांची' असं आपण म्हणतो, ते इथे काही खरं नाही.

याच रस्त्यावर लोखंडी खांब आहेत. मैलाचा दगड म्हणायचं, पण दगड नव्हेच, ओतीव लोखंड. एका बाजूला कंबरलँड किती मैल, दुसऱ्या बाजूला व्हीलिंग किती. कुणाचा पराक्रम नाही की जयंती नाही. आम्हांला तरी या रस्त्यावरचा सर्वांत प्रामाणिक मजकूर हाच वाटतो.

१८५३ मध्ये बाल्टिमोरहून निघालेल्या रेल्वेवर थेट व्हीलिंगपर्यंत गाड्या सुरू झाल्या आणि रस्ता ओस पडत गेला. १८५५ मध्ये सराई एका शेतकऱ्याला विकली गेली. म्हणजे सराई चालली जेमतेम पंचवीस वर्षं. पुढे पाऊणशे वर्षं ते एका शेतकरी कुटुंबाचं घर होतं. १९३२ मध्ये राज्याने ते विकत घेतलं, १९६१ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान खात्याकडे गेलं. आज आत गेलं की आपल्याला दिसतं ते स्टेजकोचच्या काळातलं सामान. शेतकऱ्याचं स्वयंपाकघर नव्हे.