दर्या, दऱ्या आणि नवं विंडोज

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीनं 'विंडोज १०'ची नेहमीची देखभाल थांबवली. त्याआधी चार वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२१ पासून, 'विंडोज ११' बाजारात होतं. या चार वर्षांत रत्नागिरीतल्या छापखान्यांत, डीटीपीच्या दुकानांत, शाळांच्या कार्यालयांत आणि घरोघरी एकच प्रश्न विचारला गेला: नवीन घ्यायचं, की आहे त्यावर भागवायचं? कुणी पहिल्या महिन्यातच बदललं. कुणी म्हणालं, आधी दुसऱ्यांचं काय होतं ते बघू. कुणाचा संगणकच जुना निघाला आणि नव्या विंडोजनं त्याला दारातच उभं केलं.

हा प्रश्न जगभर विचारला जातो. इंग्रजीत लिहिणाऱ्यासाठी तो सोयीचा आणि खर्चाचा असतो. नवी प्रणाली घेतली म्हणून त्याच्या भाषेतलं एखादं अक्षर नाहीसं होईल, ही भीती त्याला नसते. मराठी लिहिणाऱ्याला मात्र ती होती. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम बदलण्याचा आपला इतिहास हा बऱ्याच अंशी आपल्या अक्षरांचा इतिहास आहे. तो नीट पाहिला, तर 'लवकर की उशिरा' या प्रश्नाचं थोडं उत्तर त्यात सापडतं.

अक्षरं आणि यंत्र यांचं भांडण संगणकाच्या कितीतरी आधीचं आहे. खिळे जुळवून छपाई होत असे तेव्हा इंग्रजीपेक्षा देवनागरीला कितीतरी अधिक खिळे लागत. जोडाक्षरं, काना-मात्रा, उकार, रफार या सगळ्यांचे शेकडो खिळे. रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांनीही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल, यावर विचार केला होता. पुढे १९२४ ते १९३७ या काळात विनायक दामोदर सावरकर रत्नागिरीत स्थानबद्ध होते. त्यांनी लिपीसुधारणेचा पुरस्कार केला. त्यातली 'अ'ची बाराखडी आजही जुन्या लोकांना आठवते. इ, ई, उ, ऊ ही वेगळी अक्षरं ठेवायचीच नाहीत. 'अ'लाच वेलांटी द्यायची, 'अ'लाच उकार द्यायचा. एवढे खिळे वाचले.

त्यांच्या इतर विचारांबद्दल कुणाचं मत काहीही असो, ही सूचना यंत्राच्या दृष्टीनं व्यवहारी होती. 'किर्लोस्कर' मासिकानं ती उचलली आणि त्या वळणानं अंक छापले. आजच्या भाषेत सांगायचं, तर त्यांनी नवी आवृत्ती सर्वांच्या आधी घेतली. वाचकांनी तेही वाचलं. पण शाळेतल्या पाटीवर मूल 'इ' आणि 'ई'च गिरवत राहिलं. शाळा, सरकार आणि इतर छापखाने मागून आले नाहीत, त्यामुळे ती बाराखडी मुख्य प्रवाहात टिकली नाही. आधी जाणाऱ्याचं धाडस खरं असलं, तरी मागून कोण येणार आहे यावर त्याचं भवितव्य ठरतं, हा यातला पहिला धडा.

आता संगणकाकडे येऊ. भारतीय भाषांसाठीचं 'जिस्ट' तंत्रज्ञान आयआयटी कानपूरमध्ये १९८०च्या दशकात आकाराला आलं आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकनं ते वाढवलं. डॉसच्या काळात संगणकात एक वेगळं कार्ड बसवावं लागे, मग पडद्यावर देवनागरी उमटे. १९९१ मध्ये 'इस्की' नावाचं भारतीय प्रमाण ठरलं. कोणत्या अक्षराला कोणता क्रमांक द्यायचा, हे त्यात निश्चित केलं होतं.

पण १९९५ मध्ये 'विंडोज ९५' आलं, डीटीपीची दुकानं गल्लोगल्ली निघाली आणि धंद्याला क्रमांकांपेक्षा सुबक अक्षरांची घाई झाली. प्रत्येक कंपनीनं आपापले फॉन्ट काढले. एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ घरं. त्यांत क, ख, ग कुठं बसवायचे, अर्धी अक्षरं कुठं ठेवायची, हे ज्यानं त्यानं ठरवलं. संगणकाला वाटे की आपण इंग्रजीच साठवतो आहोत. फॉन्ट फक्त वरून मराठी मुखवटा चढवत असे. तो फॉन्ट दुसऱ्याच्या संगणकावर नसला, की मुखवटा गळून पडे आणि पानावर इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी दिसे. वर्तमानपत्राच्या संकेतस्थळावरची बातमी वाचायची, तर आधी त्या वर्तमानपत्राचा फॉन्ट उतरवून घ्यावा लागे.

या गोंधळात फेब्रुवारी २००० मध्ये 'विंडोज २०००' आलं. देवनागरीची सोय आतूनच असलेलं हे पहिलं विंडोज. युनिकोड या जागतिक प्रमाणात देवनागरी १९९१ पासूनच होती आणि तिची मांडणी आपल्या 'इस्की'च्याच धर्तीवर केलेली होती. त्या मांडणीला आता ऑपरेटिंग सिस्टिममध्ये घर मिळालं. सोबत 'मंगल' नावाचा फॉन्ट आला. तो र. कृ. जोशी यांनी घडवला. जोशी हे सुलेखनकार होते, आयआयटी मुंबईत शिकवत असत आणि मराठीतले कवीही होते. कवीच्या हातची अक्षरं विंडोजमधून जगभर गेली, याचा आनंद माझ्यासारख्याला विशेष वाटतो. २००८ मध्ये त्यांचं निधन झालं.

माझ्यासारख्या, मराठीत लिहिणाऱ्या आणि घरात उर्दू वाचणाऱ्या माणसाला या बदलाचं आणखी एक अप्रूप होतं. जुन्या २५६ घरांच्या फॉन्टमध्ये मराठी आणि उर्दू या दोन्ही लिप्या मावणं शक्यच नव्हतं. आता एखादा उर्दू शेर त्याच्या स्वतःच्या लिपीत आणि खाली त्याचा मराठी अनुवाद, हे दोन्ही एकाच पानावर, एकाच फाइलमध्ये लिहिता येणार होतं.

मग सगळ्यांनी लगेच विंडोज २००० का घेतलं नाही? कारणं अगदी साधी होती. ते मुख्यतः कार्यालयांसाठी होतं. घरोघरी 'विंडोज ९८' चालू होतं. नव्या प्रणालीवरून युनिकोड मराठीत पत्र पाठवलं, तर ९८वाल्याला चौकटी नाहीतर प्रश्नचिन्हं दिसत. ऑक्टोबर २००१ मध्ये 'एक्सपी' आलं आणि ते घराघरांत पोचलं. पण त्यातही देवनागरी आपोआप चालू नसे. सेटिंगमध्ये जाऊन एक खूण करायची आणि विंडोजची मूळ सीडी घालायची. गावातल्या किती संगणकांसोबत मूळ सीडी होती, हे वेगळं सांगायला नको. २००७ च्या 'व्हिस्टा'पासून ही खटपट संपली.

दुसरी अडचण बोटांची होती. आपले टंकलेखक रेमिंग्टनच्या मशीनवर शिकलेले. नवी पद्धत 'इनस्क्रिप्ट' कळपटाची. वीस वर्षं एका जागी पडणारं बोट दुसऱ्या जागी न्यायचं म्हणजे त्या माणसाचा वेग, आणि पर्यायानं त्याची रोजी, काही महिने निम्म्यावर येणार.

तिसरी अडचण सर्वांत मोठी होती आणि तिच्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं. छापखान्यात विंडोज एकटं काम करत नाही. पानं लागायची ती पेजमेकर किंवा क्वार्कवर. पेजमेकरला शेवटपर्यंत युनिकोड देवनागरी आली नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये भारतीय लिप्यांची नीट सोय झाली ती २०१२ च्या आवृत्तीत. म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम २००० मध्ये तयार होती आणि पान लावणारा प्रोग्रॅम बारा वर्षांनी तयार झाला. मधल्या काळात ज्या डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टला चिकटून दिवाळी अंक वेळेवर काढला, त्याला मागासलेला म्हणणं अन्यायाचं होईल. त्याला अंक दिवाळीच्या आधी हातात द्यायचा होता.

तरीही काही लोक आधी गेले. १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथं युनिकोडशिवाय पर्यायच नव्हता. परदेशातली मराठी मंडळी, हौशी लिहिणारे, काही तरुण अभियंते या वाटेनं गेले. त्यांना काय भेटलं? अडखळणारी अक्षरं. मराठीत 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. फरक एवढाच, की एकीकडे रफार डोक्यावर आहे आणि दुसरीकडे अर्धा 'र' आडवा, पापणीसारखा. हिंदीला या आडव्या 'र'ची गरज नाही, त्यामुळे तो कसा उमटवायचा हे कित्येकांना ठाऊकच नव्हतं. आमच्या रत्नागिरीतला मिऱ्या डोंगर कित्येक ठिकाणी 'मिर्या' झाला. एका बाजूला दर्या आणि दुसऱ्या बाजूला दऱ्या असलेल्या कोकणात हा फरक पुसला जाणं किती गमतीचं आणि किती वाईट!

तसाच 'अॅ'. 'अॅम्ब्युलन्स' लिहायला 'अ'वर चंद्र द्यावा, तर काही संगणकांवर मध्येच ठिपक्यांचं वर्तुळ उगवे. २००८ मध्ये युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र जागा मिळाली. 'ल' आणि 'श' पडद्यावर हिंदी वळणाचे दिसत. त्यांच्या मराठी वळणांचा प्रश्न तर पुढे बरीच वर्षं चालू राहिला. ही सगळी दुरुस्ती कुठून येते? कुणीतरी आधी वापरतं, अडखळतं, कळवतं, तेव्हा येते. सगळेच काठावर थांबले असते, तर आपली अक्षरं कशी असावीत हे ठरवताना मराठी माणूस हजरच नसता.

आणि थांबण्याचीही किंमत होती. ती हळूहळू कळली. १९९५ ते २०१० या पंधरा वर्षांत मराठीत संगणकावर किती मजकूर टंकला गेला असेल! गावांचे इतिहास, संस्थांची स्मरणिका, कवितासंग्रह, प्रबंध. त्यांतला बराचसा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये आहे. फॉन्ट ज्या प्रोग्रॅमवर चाले, तो प्रोग्रॅम जुन्या विंडोजवर चाले, आणि ते विंडोज ज्या संगणकावर होतं तो संगणक भंगारात गेला. माझ्या एका जुन्या संग्रहाची फाइल अशीच आहे. ती उघडते, पण वाचता येत नाही. पुस्तक छापलेलं आहे म्हणून कविता शिल्लक आहेत. पण जे कधी छापलंच गेलं नाही, त्याचं काय? जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी साधनं आज आहेत. पण मोडी वाचणारा माणूस जसा शोधावा लागतो, तसा त्या फायलींसाठीही जाणकार शोधावा लागतो, आणि बदललेलं प्रत्येक पान पुन्हा डोळ्यांखालून घालावं लागतं.

मग नवी प्रणाली लवकर घ्यावी की थांबावं? इतिहास सरसकट उत्तर देत नाही, पण काय तपासायचं ते सांगतो. पहिलं म्हणजे, आपलं काम एकट्या विंडोजवर उभं नसतं. पान लावणारा प्रोग्रॅम, प्रिंटर, फॉन्ट, ज्याला फाइल पाठवायची तो माणूस, अशी साखळी असते. तिची सर्वांत कच्ची कडी तयार आहे का, ते बघावं. दुसरं, परतीची वाट आहे का? आमच्याकडे नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा दर्यात उतरतात, पण जाणता तांडेल वाऱ्याचा आणि लाटांचा अंदाज घेतल्याशिवाय निघत नाही. ज्या संगणकावर उद्याचा अंक निघायचा आहे, त्यावर आज प्रयोग करू नये. दुसरा असेल तर त्यावर जरूर करावा. तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, नवी गोष्ट खुल्या, सर्वमान्य प्रमाणाकडे नेते आहे की एखाद्या कंपनीच्या बंद कोठारात? पहिल्या प्रकारची असेल, तर थोडा त्रास सोसून लवकर जाण्यात शहाणपण आहे. दुसऱ्या प्रकारची असेल, तर कितीही चकचकीत असली तरी थांबावं.

आणि फार थांबूही नये. देखभाल संपलेल्या प्रणालीवर इंटरनेट वापरणं म्हणजे कडी नसलेल्या दारामागे झोपणं. शिवाय जुनं यंत्र चालू आहे तोवरच त्यातला मजकूर नव्यात आणता येतो. ते एकदा बंद पडलं, की काम दहापट अवघड होतं.

नव्या संगणकासमोर बसाल, तेव्हा एक छोटी परीक्षा घ्या. एक ओळ टंका: 'कऱ्हाडहून आलेली ॲम्ब्युलन्स मिऱ्याच्या दऱ्या ओलांडून दर्यापाशी थांबली.' ती छापून बघा, मित्राला मेलनं पाठवा, मोबाइलवर उघडा. तिन्ही ठिकाणी ती तशीच उमटली, तर निर्धास्तपणे पुढे जा. एखादं अक्षर कुठं अडखळलं, तर ते कंपनीला लिहून कळवा आणि जुना संगणक एवढ्यात विकू नका.