हरभऱ्याची मुळे आणि जनुकीय चिन्हकांचा इतिहास

हरभरा हे रब्बीचे पीक. पावसाळ्यात मुरलेल्या ओलीवर ते बहुतांशी वाढते आणि घाटे भरण्याच्या सुमारास नेमकी तीच ओल आटते. अशा वेळी खोल व दाट मुळांचे झाड तग धरते. परंतु मुळे जमिनीखाली दडलेली असतात. पैदासकाराने हजारो झाडे उपटून त्यांची मुळे धुऊन मोजणे व्यवहार्य नव्हते. पानाच्या तुकड्यातील डीएनएवरून हा गुण ओळखता यावा, यासाठी जनुकीय चिन्हके, म्हणजे मार्कर, आवश्यक ठरली.

आरंभीच अडचण आली. लागवडीतील हरभऱ्याच्या वाणांमध्ये जनुकीय भेद अत्यल्प होता आणि जेथे भेद नाही तेथे खूण सापडत नाही. १९९९ च्या सुमारास मायक्रोसॅटेलाइट चिन्हके उपलब्ध झाली. डीएनएतील काही अक्षरे सलग पुन्हापुन्हा येतात. किती वेळा, ते वाणागणिक बदलते. भेद अधिक मिळावा म्हणून इक्रिसॅटच्या संग्रहातील ‘आयसीसी ४९५८’ या वाणाचा सायसर रेटिक्युलेटम या वन्य नातलगाशी झालेला संकर निवडण्यात आला. त्यावर आधारलेला जनुकीय नकाशा २००० मध्ये प्रसिद्ध झाला.

२०१३ मध्ये हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅटच्या नेतृत्वाखाली आंतरराष्ट्रीय गटाने हरभऱ्याचा जनुकसंच उलगडला. त्यात २८,२६९ जनुके आढळली. पुढच्याच वर्षी ‘आयसीसी ४९५८’ मधील मुळांशी व अवर्षण सोसण्याशी निगडित अनेक गुणांचे नियंत्रण एकाच जनुकीय पट्ट्यात एकवटल्याचे प्रसिद्ध झाले. चिन्हकांच्या आधारे पिढ्यानपिढ्या निवड करून तो पट्टा इतर वाणांत उतरवता येऊ लागला. ‘पुसा ३७२’ मध्ये तो आणून सिद्ध झालेला ‘पुसा चिकपी १०२१६’ आणि मर रोगाला तोंड देणारा ‘सुपर अन्निगेरी १’ हे दोन वाण २०१९ मध्ये प्रसारित झाले. २०२१ मध्ये तर ३,३६६ नमुन्यांच्या जनुकसंचांचा अभ्यास प्रसिद्ध झाला.

या इतिहासाचा बोध साधा आहे. चिन्हक कोणताही गुण निर्माण करत नाही. असलेला गुण दाखवून देते. ‘आयसीसी ४९५८’ चे बी हे तंत्र येण्यापूर्वीच कोणीतरी जपून ठेवले होते, म्हणून ते हाती लागले. शेतातून व जनुकपेढीतूनही जे वाण नाहीसे होतील, त्यांतील गुण कितीही प्रगत चिन्हकाला शोधता येणार नाहीत.