सात शिलिंगांची दाद : बेकारी भत्ता नाकारला गेला, तर जायचे कुठे?

१/ जानेवारी १९१३. ब्रिटनमधल्या काही कामगारांच्या हाती एक नवीच रक्कम पडू लागली : आठवड्याला सात शिलिंग, हाताला काम नसल्याबद्दल. या रकमेसाठी त्यांनी आधी वर्गणी भरली होती. त्यामुळे ती नाकारली गेली, तर जाब विचारण्याची सोयही कायद्यातच होती. त्या सोयीचे पुढच्या पंचवीस वर्षांत काय झाले, हा आजच्या धाग्याचा विषय.

२/ त्याआधीची स्थिती पाहू. १८३४ च्या सुधारित गरीब कायद्यानुसार निराधाराने स्थानिक पालक मंडळापुढे हात पसरायचे. मंडळाची मर्जी झाली तर थोडी मदत, नाहीतर ‘वर्कहाऊस’ नावाच्या आश्रयगृहाची वाट. अशी मदत घेणाऱ्याचा मतदानाचा हक्कही जाई. ही अट १९१८ पर्यंत टिकली. थोडक्यात, मदत मागणारा याचक होता आणि याचकाला अपील नसते.

३/ १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याच्या दुसऱ्या भागाने हे नाते बदलले. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रनिर्मिती, लोखंडाचे ओतकाम अशा मोजक्या उद्योगांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात आले. कामगाराचे आठवड्याला अडीच पेन्स, मालकाचे अडीच पेन्स आणि या बेरजेच्या एकतृतीयांश सरकारचे. बेकारीचा पहिला आठवडा कोरडा. त्यानंतर वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे भत्ता.

४/ पण हक्क म्हणजे नेमके काय? योजना आखली जात असतानाच, १९०९ मध्ये, व्यापार मंडळात यावर वाद झाला. मंडळाचे अध्यक्ष होते विन्स्टन चर्चिल. त्यांचे म्हणणे असे की, ज्याने वर्गणी भरली त्याला भत्ता द्यावा. दारूपायी नोकरी गेली असली तरीही. विम्याच्या हिशेबात नीतीची परीक्षा नको. मंडळाचे सचिव ह्यूबर्ट लेवेलिन स्मिथ यांना हे मान्य नव्हते. कायद्यात बाजू उतरली ती स्मिथ यांची : गैरवर्तनाने नोकरी गेली, किंवा सबळ कारणाशिवाय सोडली, तर सहा आठवडे भत्ता बंद.

५/ इथेच अपिलाची गरज जन्माला आली. ‘सबळ कारण’ कोणते? ‘योग्य काम’ कशाला म्हणायचे? या शब्दांचा अर्थ कोणीतरी ठरवायचा होता आणि तो ठरेपर्यंत कुणाच्या तरी घरची चूल थांबणार होती.

६/ प्रत्यक्ष रीत अशी. काम सुटले की कामगाराने आपले विमा पुस्तक लेबर एक्स्चेंजमध्ये जमा करायचे. ही केंद्रे १ फेब्रुवारी १९१० पासून उघडली होती. तिथे ठरल्या वेळी येऊन सही करायची. आपण खरोखर रिकामे आहोत, याचा तो पुरावा. दाव्याचा निर्णय विमा अधिकारी करी. त्याने नकार दिला, तर प्रकरण ‘कोर्ट ऑफ रेफरीज’कडे पाठवा, अशी मागणी कामगार करू शके.

७/ नाव कोर्ट, पण रूप पंचायतीचे. तीन जण बसत : एक अध्यक्ष, एक मालकांच्या बाजूचा, एक कामगारांच्या बाजूचा. काळे झगे नाहीत, कोर्ट फी नाही. कामगाराने समोर बसून आपली हकिगत सांगायची. त्याच्याही वर शेवटची पायरी म्हणजे ‘अंपायर’. क्रिकेटमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. इथेही अर्थ तोच, याचा निर्णय अखेरचा.

८/ अंपायरचे निवडक निर्णय क्रमांक देऊन छापले जात आणि पुढच्या दाव्यांत ते आधार म्हणून वापरले जात. एका गिरणीतल्या किंवा गोदीतल्या माणसाच्या भांडणातून देशभर लागू होणारा नियम तयार होई. बेकारांच्या कायद्याची ही स्वतंत्र परंपरा अशी दाव्यामागून दावा करत उभी राहिली.

९/ मात्र या रचनेत एक मोठी फट होती : वेळ. नकार मिळाल्यापासून पंचांचा निर्णय होईपर्यंत भत्ता बंद. आठवड्याच्या पगारावर जगणाऱ्या घरात साठवण ती किती असणार? तेवढ्या काळात वस्तू गहाण ठेवायच्या, दुकानदाराकडे उधारी करायची, नाहीतर पुन्हा त्याच जुन्या पालक मंडळाच्या दारात उभे राहायचे. अपील जिंकल्यावर थकलेली रक्कम मिळे. उपाशी काढलेले दिवस परत मिळत नसत.

१०/ १९२० मध्ये योजनेचा विस्तार झाला. शेतमजूर आणि घरकामगार वगळता बहुतेक कामगार, एक कोटीहून अधिक, तिच्या कक्षेत आले. नेमकी त्याच हिवाळ्यात मंदी कोसळली आणि १९२१ च्या मध्यापर्यंत बेकारांची संख्या वीस लाखांपलीकडे गेली. निधीवर ताण आला आणि सरकारने दारे अरुंद करायला घेतली.

११/ दार अरुंद करणारी अट मार्च १९२१ मध्ये आली : अर्जदार ‘मनापासून कामाच्या शोधात’ असला पाहिजे. सुरुवातीला ती वर्गणीच्या हिशेबाबाहेरच्या वाढीव भत्त्यापुरती होती. १९२४ मध्ये ती सर्वांना लागू झाली आणि हे करणारे सरकार मजूर पक्षाचे होते, हे विसरून चालणार नाही.

१२/ आता ‘मनापासून’ कसे मोजायचे? अंपायरच्या निर्णयांतून सूत्र निघाले की, पाहायची ती अर्जदाराची मनःस्थिती. म्हणजे काम उपलब्ध आहे का, हा प्रश्न मागे पडला. तुला ते खरोखर हवे होते का, हा पुढे आला. सिद्ध करण्याचे ओझे अर्जदाराच्या शिरावर. खाणी बंद पडलेल्या गावातही ‘कुठे कुठे विचारलेस?’ याचे उत्तर द्यावेच लागे. काम नाही हे ठाऊक असूनही माणसे कारखान्यांच्या फाटकांवर हेलपाटे घालत. पंचांपुढे सांगायला नावे हवीत, एवढ्यासाठी.

१३/ विवाहित स्त्रियांची तपासणी आणखी कडक. मुलांकडे कोण पाहील, नवरा किती कमावतो, असे प्रश्न त्यांना विचारले जात. वर्गणी त्यांनीही भरलेली होती. तरी त्यांच्या ‘मनापासून’वर अधिक संशय घेतला जाई. या एका अटीखाली त्या दशकात लाखो दावे नाकारले गेले.

१४/ वरच्या पायरीपर्यंत पोहोचणेही सर्वांना सारखे सोपे नव्हते. कामगार संघटनेचा सभासद असेल, तर संघटना त्याचे प्रकरण अंपायरकडे नेऊ शके. एकट्या, असंघटित माणसाला मात्र त्यासाठी पंचांचीच परवानगी लागे. ज्यांनी नकार दिला, त्यांच्याकडेच त्यांच्याविरुद्ध जाण्याची मुभा मागायची!

१५/ ही पोकळी काही अंशी भरली ती बेकारांच्या स्वतःच्या संघटनेने. १९२१ मध्ये उभ्या राहिलेल्या आणि वॉल हॅनिंग्टन यांनी नेतृत्व केलेल्या या चळवळीचे लाँग मार्च प्रसिद्ध आहेत. तिचे कमी प्रसिद्ध काम म्हणजे पंचांपुढे अर्जदारांची बाजू मांडणे. अंपायरच्या निर्णयांचे क्रमांक दाखवून युक्तिवाद करणारे हे ‘वकील’ स्वतःच बेकार असत. कायद्याची भाषा त्यांनी रांगेत उभे राहून शिकली होती.

१६/ १९२९ मध्ये मजूर पक्ष पुन्हा सत्तेवर आला. मार्गारेट बाँडफील्ड कामगार मंत्री झाल्या; ब्रिटनच्या मंत्रिमंडळात बसलेल्या त्या पहिल्या स्त्री. ही अट काढायला त्या आरंभी राजी नव्हत्या. स्वपक्षाच्या खासदारांचा रेटा वाढला, तेव्हा सरकार नमले. १९३० च्या कायद्याने अट गेली. भत्ता नाकारायचा, तर योग्य काम समोर असून अर्जदाराने ते टाळले, हे आता दिसावे लागे. पुराव्याचे ओझे खांद्यावरून खांद्यावर गेले आणि त्याबरोबर हक्काचे वजनही बदलले.

१७/ हा विजय अल्पजीवी ठरला. नोव्हेंबर १९३१ पासून विम्याचा भत्ता संपलेल्यांसाठी ‘मीन्स टेस्ट’ आली. अधिकारी घरी येऊन मुलाची कमाई, म्हाताऱ्यांचे पेन्शन, बचत, सगळे मोजत. रक्कम ठरवणाऱ्या स्थानिक समितीच्या निर्णयावर पंचांकडे किंवा अंपायरकडे दाद मागता येत नसे. शंभर वर्षांपूर्वीचा याचक परत आला होता.

१८/ जानेवारी १९३५ मध्ये नव्या मंडळाचे दर लागू झाले. त्यांत अपिलाची समिती होती, पण अनेक घरांची रक्कम आधीपेक्षा घटली. तेव्हा लोकांनी दाद रस्त्यावर मागितली. दक्षिण वेल्समध्ये प्रचंड मोर्चे निघाले आणि ५ फेब्रुवारीला सरकारने कपात थांबवल्याचे जाहीर केले : जुनी आणि नवी यांपैकी जी रक्कम मोठी, ती मिळेल.

१९/ हा प्रश्न आपल्याला परका नाही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागणी केल्यावर १५ दिवसांत काम नाही मिळाले, तर बेकारी भत्ता. २००५ च्या राष्ट्रीय कायद्याने हेच तत्त्व देशभर नेले. ब्रिटनमध्ये उशिराचा भार अर्जदाराने सोसला. इथे कायद्याने उशिरालाच किंमत लावली.

२०/ पण ते १५ दिवस मोजायचे कधीपासून? अर्जाच्या तारखेपासून. म्हणून कामाच्या मागणीचा ‘नमुना ४’ देताना दिनांक घातलेली पोचपावती, म्हणजे ‘नमुना ५’, हाती पडणे महत्त्वाचे. ती मिळाली नाही, तर मागणी केली होती हे सिद्ध करण्याचे ओझे पुन्हा मजुराच्याच डोक्यावर. १९२० च्या दशकात फाटकांची नावे पाठ करणाऱ्या त्या माणसाला ही पोचपावती कशासाठी असते, हे समजावून सांगावे लागले नसते.