चाकरीचे घर

पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, म्हणून शहरातला माणूस त्या दिवशी घर नोंदवतो. परभणी जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांत मात्र पाडव्याला आणखी एक घर बदलत आले आहे आणि त्याची जाहिरात कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही. हे घर सालगड्याचे. पाडवा ते पाडवा असे त्याचे साल. साल ठरले, उचल घेतली, की जुन्या मालकाच्या आखाड्यावरचे बिऱ्हाड बैलगाडीत घालायचे, नव्या मालकाच्या आखाड्यावर उतरवायचे आणि तीन दगड मांडून चूल पेटवायची. सालाची रोकड किती, ज्वारी किती, धोतर, घोंगडे आणि वहाणा कोणी द्यायच्या, यावर पूर्वी दोन-दोन दिवस घासाघीस चाले. आज सालाचा आकडा लाखाच्या पुढे गेला आणि बैलगाडीच्या जागी टेंपो आला. पण आखाड्यावरच्या खोपटाविषयी तेव्हाही कोणी बोलत नसे आणि आजही बोलत नाही. ते कामाबरोबर येते आणि कामाबरोबर जाते. साल मोडले की छप्पर मोडले.

मुंबईच्या चाळींचा इतिहास सांगायला उभे राहून आम्ही आखाड्यावर का रेंगाळतो, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. काम देणाऱ्यानेच राहायला जागा दिली, तर कामगाराच्या गळ्यात दोन दावी पडतात. मुंबईच्या गिरणी कामगाराने यातले एक दावे बरीच वर्षे सैल करून दाखवले. ते कसे साधले आणि पुढे कसे निसटले, एवढेच आज सांगायचे आहे.

सेलूचा या कहाणीशी संबंधच नाही असेही कोणी समजू नये. निजामाच्या राज्यात मनमाडहून हैदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे 1900 च्या सुमारास या भागातून गेली आणि सेलूच्या कापसाला समुद्राची वाट सापडली. मनमाडला गाठी उतरवायच्या, मोठ्या रुळांच्या गाडीत चढवायच्या आणि मुंबईला धाडायच्या. पुढे माणसेही त्याच वाटेने गेली, मनमाडला गाडी बदलूनच. आता गंमत पाहा. 1920 साली मुंबई सरकारने डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत आखला आणि त्याच्या खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर एक रुपया कर बसवला. ज्यांना आपण बी.डी.डी. चाळी म्हणतो त्या या पैशावर उभ्या राहिल्या. त्या गाठींत गोदाकाठचा कापूस मुळीच नव्हता असे म्हणायला आम्ही तयार नाही.

पण चाळ त्याच्या आधीची. मुंबईत पहिली कापड गिरणी काढण्याचा उद्योग कावसजी दावर यांनी 1854 मध्ये केला. चाळीस वर्षांत गिरण्या वाढल्या, माणसे वाढली. घरांचा विचार मात्र कोणी केला नाही. ज्याच्याजवळ जमीन होती त्याने लांबलचक इमारत बांधली, मध्ये बोळ ठेवला, दोन्ही बाजूंना दहा बाय दहाच्या खोल्या काढल्या आणि भाडे सुरू केले. उजेड, वारा, मोरी, संडास या गोष्टी त्या हिशेबात बसत नव्हत्या. 1896 च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग आला. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो ओळखला आणि तो पसरताच शहरातून लाखो माणसे गावाकडे पळाली. गिरण्यांना हात मिळेनात, तेव्हा कामगार कोठे राहतो हा प्रश्न सरकारला प्रथमच पडला. 1898 मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने अस्वच्छ वस्त्या पाडल्या पुष्कळ, बांधले त्या मानाने थोडे. तरी बांधले ते वाया गेले नाही. परळला पोयबावडीच्या ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर वीसेक वर्षे राहिले. 1920 चे ‘मूकनायक’ आणि 1927 चा महाडचा सत्याग्रह हे त्या चाळीत राहत असतानाचे. दादरचे राजगृह नंतरचे.

डेव्हलपमेंट खात्याच्या चाळींची कथा जरा चमत्कारिक आहे. पन्नास हजार खोल्यांपैकी सोळा हजारांच्या वर काही बांधून झाल्या. वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून 207 चाळी, प्रत्येकी तळमजल्यासह चार मजले, प्रत्येकीत 80 खोल्या आणि खोली 160 चौरस फुटांची. भिंती सिमेंट काँक्रीटच्या, उन्हाळ्यात तापणाऱ्या. सुरुवातीला कामगार तेथे जाईनात. गिरणीपासून लांब, दुकान नाही, दिवा नाही, आणि भाडे परवडत नाही. कित्येक खोल्या रिकाम्या पडल्या. कायदेभंगाच्या काळात सरकारने काही चाळींचा तुरुंग केला. कामगारांसाठी बांधलेल्या घराचा आणि तुरुंगाचा नकाशा एकच निघावा, यावर आम्ही अधिक काय बोलावे?

तेव्हा बहुतेक कामगार खाजगी चाळीतच राहिला. आणि येथे आम्हास थोडे सावकाश जायचे आहे, कारण सामाजिक जीवन म्हणतात ते येथे घडले. कोकणातले, साताऱ्याचे, कोल्हापूरकडचे लोक गावाच्या नावाने खोली घेत. तिला गावकीची खोली म्हणत. एका खोलीत दहा-वीस गडी. भिंतीला लागून ट्रंका, दोरीवर कपडे, कोपऱ्यात देव. दिवसपाळीचा कामावर गेला की रात्रपाळीचा त्याच जागी पथारी पसरी. भाडे सर्वांच्या वर्गणीतून. नवा मुलगा गावाहून आला तर नोकरी लागेपर्यंत त्याची वर्गणी माफ. आजाऱ्याला पाहणे, मेलेल्याची माती करणे, गावच्या देवळाला आणि शाळेला पैसे पाठवणे हे सारे त्या दहा बाय बारात ठरे. शिमगा आला की कोकणी माणूस गावाकडे धावे, मे महिन्यात लग्नासाठी नि पेरणीआधीच्या कामासाठी घाटी जाई. खोलीत पथाऱ्या मोकळ्या होत, गिरणीत जागा मोकळ्या होत आणि बदली कामगाराचे दिवस येत. मुंबईच्या वसंतातला घरांचा बाजार होता तो एवढाच: एक पथारी, दोन-तीन महिन्यांसाठी.

या गड्यांना जेवू घालणारी बाई शेजारच्याच खोलीत असे. तिची खानावळ. पहाटे उठून पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या, पगाराला हिशेब. या बायकांची नोंद कामगार चळवळीच्या इतिहासात फार उशिरा झाली. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून त्यांना सावकाराच्या हातून सोडवून बँकेच्या कर्जापर्यंत नेले, तेव्हा कोठे त्या कागदावर आल्या. संप टिकतो तो पुढाऱ्याच्या भाषणावर, असे पुढाऱ्यांना वाटते. संघटनेच्या कामात आयुष्य गेल्यावर आमचे मत असे झाले आहे की संप टिकतो उधारीवर. 1928 चा गिरणी संप सहा महिने चालला. दीड लाखाच्या आसपास माणसे बिनपगारी होती. ती उभी राहिली कारण वाणी उधार देत होता, खानावळवाली थांबायला तयार होती, निम्मे लोक गावी जाऊन शेतात राबत होते. आणि मुख्य म्हणजे, बहुतेकांचा घरमालक हा गिरणीमालक नव्हता. काही गिरण्यांनी स्वतःच्या चाळी बांधल्या होत्या खऱ्या, पण त्यांत राहणारे थोडे. बाकीच्यांना गिरणी काढू शकत होती ती कामावरून, खोलीतून नव्हे. आखाड्यावरच्या सालगड्याला हे बळ कधी मिळाले नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी या बळाला कायद्याची जोड मिळाली. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने 1 सप्टेंबर 1940 रोजीचे भाडे हे प्रमाण धरले आणि भाडेकरूला काढणे अवघड केले. घरमालकांवर त्याने अन्याय झाला हे आम्ही नाकारीत नाही. वीस-पंचवीस रुपये भाड्यात कोण गिलावा करील? इमारती खचू लागल्या, दुरुस्तीसाठी सरकारला 1969 मध्ये मंडळ नेमण्याचा कायदा करावा लागला आणि मागल्या दाराने पागडी आली. पण त्याच कायद्यामुळे बायकामुले मुंबईत आली. गावकीच्या खोलीची संसाराची खोली झाली, गणपती गॅलरीत बसला, व्यायामशाळा आणि वाचनालये निघाली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगाव रस्त्यावर उतरले ते या चाळींतून.

आमच्या मराठवाड्याच्या माणसाला मात्र या कायद्याचा लाभ झाला नाही. 1972 च्या दुष्काळाने तो मोठ्या संख्येने मुंबईला गेला तोवर चाळी भरल्या होत्या. त्याच्या वाट्याला आली पदपथाची कड, नाल्याचा काठ नाही तर चेंबूर-गोवंडीकडची दलदल. 1981 च्या पावसाळ्यात सरकारने पदपथावरच्या झोपड्या उठवून माणसे शहराबाहेर धाडायला सुरुवात केली, तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल 10 जुलै 1985 ला लागला. जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो हे न्यायालयाने मान्य केले. आणि झोपड्या मात्र 31 ऑक्टोबरनंतर काढता येतील असे सांगितले. तत्त्व मिळाले आणि एक पावसाळा मिळाला.

तिकडे 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मिटलाच नाही. उधारी संपली, कित्येकांनी खोल्या विकल्या आणि गाव गाठले. गिरण्यांना धंद्यापेक्षा जमीन गोड लागू लागली. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज बाजारपेठ झगमगते. इतकी वर्षे पगार, बोनस, महागाई भत्ता मागणाऱ्या आमच्या चळवळीने घर ही मागणी कधी अग्रभागी ठेवली नव्हती. ती ठेवली दत्ता इस्वलकर आणि त्यांच्या बंद गिरणी कामगार संघर्ष समितीने, आणि तीही 1989 पासून, गिरण्या बंद पडल्यावर. चिकाटी मोठी. 2012 मध्ये गिरण्यांच्या जमिनीवर बांधलेल्या सहा हजारांहून अधिक घरांची सोडत निघाली. अर्ज होते दीड लाखाच्या घरात.

आज मुंबईत मार्च महिन्यात दस्त नोंदणीच्या कचेऱ्यांत गर्दी उसळते, कारण मुद्रांक शुल्क ज्यावर मोजतात तो सरकारी मूल्यदरांचा तक्ता 1 एप्रिलला बदलायचा असतो; त्यातच पाडवा येतो. ज्याला घेणे शक्य नाही तो अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. सालगड्यापेक्षा एक महिना कमी.

वरळीच्या बी.डी.डी. चाळींतल्या 556 कुटुंबांना 14 ऑगस्ट 2025 रोजी पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेही फुकट. आनंदाची गोष्ट आहे. त्या मिळाल्या भाडेपावतीवर. गिरणी कामगारांच्या सोडतीला लागतो 1 जानेवारी 1982 ला किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असल्याचा पुरावा: तिकीट, हजेरीपत्रक, फंडाची चिठ्ठी, असे काही तरी. गावकीच्या खोलीत वीस जणांमागे भाडेपावती एकाच्याच नावाची असे. खानावळवाली कोणत्याही गिरणीच्या पटावर नव्हती. बदलीवाल्यांपैकी अनेकांनी ते कागद गावी नेले, आणि पत्र्याच्या ट्रंकेत त्यांचे काय झाले ते उंदरांना ठाऊक.